व्यसनी रुग्णाचे परदेशगमन आणि गावचा वैद्य



आपल्या मराठवाड्यात असे गाव आता क्वचितच सापडेल, ज्या गावचे एखादे लेकरू पुणे-मुंबईस, आखाती देशात किंवा अमेरिकेत नोकरीस नाही. औंढा नागनाथसारखे तीर्थक्षेत्राचे छोटे गावही त्यास अपवाद नाही. या स्थलांतराबरोबर आपल्या चिकित्सालयात एक नवा प्रश्न येऊ लागला आहे. घरातील वडील, थोरला भाऊ किंवा जावई मद्याच्या आहारी गेलेला असतो. गावातील उपाय करून झालेले असतात. नवस झालेले असतात, शपथा घेऊन मोडलेल्या असतात. मग बाहेरदेशी असलेला मुलगा दूरध्वनीवरून निर्णय कळवतो की, मी त्यांना इकडे घेऊन येतो, इकडे चांगले उपचार आहेत. तिकिटाची चौकशी सुरू होते आणि निघण्यापूर्वी कुटुंबातील कोणीतरी आपल्याकडे येऊन विचारते, "वैद्यराज, न्यावे की नको?"

यावर आपल्याकडून बहुधा दोनपैकी एक उत्तर जाते. "पैसा आहे तर जा," हे एक, आणि "आपल्या शास्त्रात सर्व आहे, कशाला जाता?" हे दुसरे. माझ्या मते ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, कारण दोन्हींत वैद्य स्वतः जबाबदारीतून मोकळा होतो. परगावी वा परदेशी जाऊन उपचार घेण्यास माझा विरोध नाही. परंतु या उपचाराचे तीन भाग असतात : निघण्यापूर्वीची तयारी, तेथील वास्तव्य आणि परतल्यानंतरची वर्षे. त्यांपैकी मधला भाग फार तर महिना-दोन महिन्यांचा. पहिला आणि तिसरा भाग गावातच घडतो आणि तो गावच्या वैद्याकडे येतो. हे आपण ओळखले नाही, तर कुटुंबाचा पैसा आणि रुग्णाचे प्राण दोन्ही पणास लागतात.

परदेशाची वाट देशात कशी आली

व्यसनमुक्तीसाठी परदेशी जाणे ही काही आजची गोष्ट नाही. एकेकाळी सधन घराण्यांपुढे दुसरा मार्गच नव्हता. माजी केंद्रीय अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांचे नातू रंगनाथन हे मद्यासक्तीने ग्रस्त होते. त्या वेळी आपल्या देशात या आजारासाठी स्वतंत्र उपचारकेंद्रे जवळजवळ नव्हतीच, म्हणून उपचारासाठी अमेरिकेपर्यंत जावे लागले. तरीही तरुण वयातच त्यांचे निधन झाले. त्यांच्या पत्नी शांती रंगनाथन यांनी पुढे स्वतः अमेरिकेत या उपचारपद्धतीचे शिक्षण घेतले आणि १९८० मध्ये चेन्नई येथे पतीच्या नावाने संस्था स्थापन केली. टी.टी.के. रुग्णालय म्हणून ती आज देशभर परिचित आहे. शांतीबाईंना १९९२ मध्ये पद्मश्री मिळाली. साधने, संपत्ती आणि इच्छा असलेल्या घराण्यासही परदेशगमन तारू शकले नाही. आणि त्या दुःखातून उभे राहिलेले काम मात्र इतर हजारो कुटुंबांचे परदेशगमन टाळणारे ठरले.

महाराष्ट्रात अशीच वाट पुण्याच्या मुक्तांगणने घालून दिली. ब्राऊन शुगरच्या व्यसनाविषयी डॉ. अनिल अवचट यांनी केलेले लेखन वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनी अर्थसाहाय्य दिले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवडा येथे हे केंद्र सुरू झाले. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी १९९७ मध्ये निधन होईपर्यंत त्याची घडी बसवली. रुग्णाबरोबर पत्नीलाही उपचारात सामावून घेणे आणि घरी गेलेल्या रुग्णाचा पाठपुरावा करणे, हे या केंद्राचे वैशिष्ट्य राहिले आहे.

त्यापुढचा टप्पा गडचिरोलीत दिसतो. १९९३ पासून दारूबंदी असलेल्या या जिल्ह्यात २०१६ मध्ये डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या पुढाकाराने 'मुक्तिपथ' हा उपक्रम सुरू झाला. तालुक्याच्या ठिकाणी व्यसनउपचार क्लिनिक आणि गावागावात शिबिरे, अशी त्याची रचना आहे. रुग्णाने उपचाराकडे जाण्याऐवजी उपचाराने रुग्णाच्या गावी जावे, हा त्यामागील विचार.

म्हणजे अमेरिकेतून चेन्नई-पुण्यास आणि पुण्याहून तालुक्याच्या गावास, असा हा उपचार चाळीस वर्षे आपल्याकडे चालत आला आहे. तरीही तो पोहोचतो किती जणांपर्यंत? केंद्र शासनासाठी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार, देशात सुमारे ५ कोटी ७० लक्ष लोकांना मद्यजन्य समस्यांसाठी साहाय्याची गरज आहे. परंतु मद्यावर पूर्णपणे अवलंबून झालेल्या ३८ जणांपैकी केवळ एकास काही ना काही उपचार मिळतो, आणि दाखल होऊन उपचार १८० पैकी एकास. उरलेले ३७ जण बहुतांशी आपल्यासारख्यांच्याच दारावरून जातात. अपचन, अम्लपित्त, निद्रानाश, हातापायांची आग अशा तक्रारी घेऊन येतात आणि चूर्ण-वटी घेऊन परततात.

दूरचे ते अधिक गुणकारी काय?

दूरच्या उपचाराचे आकर्षण स्वाभाविक आहे. स्थानपरिवर्तनाने निदानपरिवर्जन सहज साधते. तीच बैठक, तेच मित्र, तोच गुत्ता डोळ्यांआड होतो. पण हा लाभ पुण्यास गेल्यानेही मिळतो आणि पाचशे कोसांवर गेल्यानेही. अंतर वाढले म्हणून तो त्या प्रमाणात वाढत नाही.

आपल्या वाचकांना ज्याविषयी विशेष कुतूहल वाटेल, असे परदेशातील एक स्थान म्हणजे थायलंडमधील वाट थाम क्रबोक हा बौद्ध विहार. सरबुरी प्रांतातील हा विहार १९५७ मधील. १९५९ मध्ये थायलंडने अफूसेवनावर बंदी घातली आणि तेव्हापासून येथील भिक्षूंनी व्यसनी लोकांवर उपचार सुरू केले. उपचाराचा गाभा म्हणजे वनस्पतींच्या काढ्याने सलग काही दिवस, साधारणतः पाच दिवस, घडवलेले वमन. त्याआधी रुग्णास 'सच्च' म्हणजे सत्यप्रतिज्ञा घ्यावी लागते. या कार्यासाठी तेथील प्रमुख भिक्षू फ्रा चमरून पर्नचंद यांना १९७५ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. युरोप-अमेरिकेतून अनेक जण तेथे जातात.

"हे तर आपले वमनच," असे आपणास वाटेल आणि मनातून आनंदही होईल. परंतु वैद्य म्हणून येथेच थांबून विचार केला पाहिजे. आपल्याकडे वमनापूर्वी स्नेहन-स्वेदन आहे, वमनानंतर संसर्जनक्रम आहे आणि त्याही आधी 'वम्य कोण, अवम्य कोण' ही परीक्षा आहे. ऊर्ध्वग रक्तपित्त, हृद्रोग, प्लीहा, उदर, दुर्बल, कृश हे सारे अवम्यांत गणलेले आहेत. दीर्घकाळ मद्यपान केलेल्या माणसात नेमक्या याच अवस्था आढळतात. यकृत घट्ट झालेले, प्लीहा वाढलेली, अन्ननलिकेच्या तळाशी सिरा फुगलेल्या. अशा रुग्णास जोराची वांती झाली, तर सिरा फुटून रक्ताची उलटी होऊ शकते आणि काही तासांत प्राण जाऊ शकतात. ज्या रुग्णास आपण स्वतः वमन देणार नाही, त्यास परदेशी वमनासाठी पाठवण्यास संमती कशी देणार? निघण्यापूर्वी यकृताच्या रक्तचाचण्या, सोनोग्राफी आणि आवश्यक तेथे एंडोस्कोपी करून घ्या, हे सांगणे आपले काम आहे.

दुसरे असे की, दूर जाण्याने निश्चय येतोच असे नाही. ब्रिटनमधील प्रसिद्ध गायक पीट डोहर्टी २००४ मध्ये याच विहारात दाखल झाला आणि तिसऱ्या दिवशी निघून गेला. प्रसिद्धी, पैसा, मित्रांचा आग्रह सर्व होते. ती वेळ मात्र त्याची नव्हती.

मेक्सिकोतील काही चिकित्सालयांत आफ्रिकेतील इबोगा वनस्पतीच्या मुळाच्या सालीतील 'इबोगेन' हे द्रव्य देतात. वनस्पतिज म्हणून ते निर्धोक समजण्याचे कारण नाही. त्याने हृदयाची लय बिघडून मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत आणि अमेरिकेत ते निषिद्ध द्रव्यांच्या पहिल्या वर्गात आहे. वत्सनाभ आणि कुचला रोज हाताळणाऱ्या आपल्या वर्गाला वनस्पतीही मारक असू शकते, हे वेगळे सांगावयास नको.

थाम क्रबोकमधील 'सच्च' प्रतिज्ञेचे मात्र आपणास कौतुक वाटावे, आणि तिचे रूप ओळखीचेही वाटावे. आपल्या भागात नरसी नामदेव हाकेच्या अंतरावर आहे. तुळशीची माळ गळ्यात घातली आणि दारू सुटली, अशी माणसे येथे प्रत्येक गावात आहेत. माळ घालणाऱ्यास केवळ शपथ मिळत नाही. एकादशीचा उपवास, संध्याकाळचे भजन, वर्षाची वारी आणि विचारपूस करणारी माळकरी मंडळीही मिळतात. प्रतिज्ञा टिकते ती या सोबतीमुळे. परदेशातून प्रतिज्ञा आणता येते, सोबत आणता येत नाही.

प्रवास हाच मोठा धोका

आता निघण्यापूर्वीच्या तयारीकडे वळू. या बाबतीत होणाऱ्या हेळसांडीने प्राणावर बेतते.

पुष्कळ कुटुंबे निघण्याच्या आदल्या दिवशी रुग्णाची दारू बंद करतात. हेतू चांगला असतो. विमानतळावर, गाडीत फजिती नको. परंतु वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याचे मद्य एकाएकी तोडले, तर काही तासांत कंप, घाम, धडधड सुरू होते. शेवटच्या मद्यपानानंतर ६ ते ४८ तासांत आकडीचे झटके येऊ शकतात. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत भ्रम, भास, तीव्र ज्वर अशी प्राणघातक अवस्था उद्भवू शकते. औंढ्याहून हिंगोली किंवा नांदेड, तेथून मुंबई, मुंबईहून परदेश, या प्रवासाचे तास मोजा. धोक्याचा संपूर्ण काळ रुग्ण वाहनात किंवा विमानात काढतो. पुण्यास रात्रीच्या बसने नेणाऱ्यांसही हेच लागू आहे.

आपल्या शास्त्राला ही गोष्ट नवीन नाही. अहितकर सवय एकदम न तोडता पादांशाने कमी करावी, हा क्रम चरकाने सूत्रस्थानात सांगितला आहे. चिकित्सास्थानाच्या मदात्यय अध्यायात मद्यविकारावर युक्तिपूर्वक मद्याचीच योजना सांगितली आहे. काही काळ सोडून पुन्हा अतिमात्र मद्यपान करणाऱ्यास होणारे ध्वंसक आणि विक्षय हे विकारही तेथे वेगळे वर्णिले आहेत. आज रुग्णालयांत मद्याऐवजी क्लोरडायझेपॉक्साइडसारखी औषधे मोजून देऊन ती दिवसागणिक कमी करतात. तत्त्व तेच आहे. मात्र 'मद्याने मद्यविकार शमतो' या वचनाचा आधार घेऊन घरच्या घरी पाजत राहण्याची मोकळीक कोणी घेऊ नये. तीव्र अवलंबित्व असलेल्या रुग्णाचे मद्य रुग्णालयाच्या देखरेखीखालीच उतरवावे आणि मग प्रवासास निघावे. हिंगोलीचे जिल्हा रुग्णालय, नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा मानसोपचार विभाग आपल्या आवाक्यात आहेत.

यासोबत आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. अशक्त दिसतो म्हणून मद्यपी रुग्णास ग्लुकोजची बाटली लावण्याची पद्धत गावोगाव आहे. उपाशी राहून पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-१, अत्यल्प असते. ते न देता ग्लुकोज दिल्यास मेंदूस कायमची इजा होण्याचा धोका असतो. थायमिन आधी, हा नियम लक्षात असू द्यावा.

परदेशगमनाच्या इतर बाबी थोडक्यात सांगतो. सोबत न्यावयाच्या प्रत्येक औषधाची चिठ्ठी असावी. ट्रामाडॉल, कोडीन, डायझेपाम यांविषयी आखाती देशांचे नियम फार कडक आहेत. प्रवासविम्यात पूर्वीपासूनचा आजार बहुधा वगळलेला असतो. ती अट वाचून घ्यावी. अमेरिकेत कायम वास्तव्यासाठी जाणाऱ्याच्या वैद्यकीय तपासणीत व्यसनाची नोंद अडचणीची ठरू शकते, म्हणून खोटे बोलण्याऐवजी आधी नीट सल्ला घ्यावा. आणि आपण दिलेल्या औषधांची, विशेषतः रसौषधींची, संपूर्ण यादी रुग्णासोबत लिखित द्यावी. तेथील वैद्यकास रक्तात पारद वा नाग आढळला आणि कारण ठाऊक नसले, तर उपचाराची दिशाच चुकते.

चतुष्पादांतील तिसरा पाद

भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद आपण पहिल्या वर्षी शिकलो. परदेशगमनाने कुटुंब उत्तम भिषक् आणि उत्तम द्रव्य मिळवते. रोगीही सोबत जातो. मागे राहतो तो उपस्थाता. रुग्णाच्या परतीनंतर पुढील पाच-दहा वर्षे ज्या पत्नीने, आईने, मुलाने त्याच्यासोबत राहावयाचे आहे, तिची अथवा त्याची कसलीच तयारी झालेली नसते. उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच हे उपस्थात्याचे चार गुण सांगितले आहेत. व्यसनी घरातील माणसांत अनुराग असतो किंवा तो जळून गेलेला असतो. उपचारज्ञता मात्र कोणी शिकवलेलीच नसते.

म्हणून प्रश्न विचारावयाचा तो असा : परतल्यावर घरात कोण असणार? मुलगा अमेरिकेत, सून अमेरिकेत आणि रुग्ण तीन महिन्यांनी औंढ्यात एकटा, अशी व्यवस्था असेल तर तो उपचार टिकण्याची आशा कमी. याउलट रुग्ण स्वतःच परदेशी स्थायिक असेल, किंवा नेणारे नातेवाईक त्यास वर्षभर जवळ ठेवून घेणार असतील, तर परदेशातील उपचार निश्चितच योग्य. जेथे राहावयाचे आहे, तेथेच उपचार घ्यावा, हे माझे सूत्र आहे.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेचा उगम १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन गावी झाला. घरापासून दूर आलेला बिल विल्सन हा दलाल पुन्हा पिण्याच्या मोहात असताना स्थानिक शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ या दुसऱ्या मद्यपीस भेटला आणि एकमेकांशी बोलण्यातून दोघेही सावरले. आज तिच्या सभा महाराष्ट्रात मराठीतून चालतात, शुल्क नसते आणि कुटुंबीयांसाठी 'अल-ॲनॉन' ही स्वतंत्र संघटना आहे. परदेशातील महागड्या केंद्रांपैकी पुष्कळांचा कार्यक्रम याच बारा पायऱ्यांवर उभा असतो. ज्यासाठी लोक समुद्र ओलांडतात, त्यातील मोठा भाग जिल्ह्याच्या गावी विनामूल्य मिळू शकतो, हे कुटुंबास सांगितले पाहिजे.

परतलेला रुग्ण आणि आपली काउंटरवरची बाटली

आता औषधालयचालकांनी विशेष लक्ष द्यावे, अशा मुद्द्यांकडे येतो.

१) आसव-अरिष्टे : व्यसनमुक्ती केंद्रातून परतलेल्या अनेक रुग्णांना डायसल्फिरमच्या गोळ्या चालू असतात. या गोळ्या चालू असताना पोटात मद्यार्क गेला, तर चेहरा लालबुंद होणे, श्वास कोंडणे, उलट्या, रक्तदाब घसरणे अशी प्रतिक्रिया येते. ती जीवघेणीही ठरू शकते. गोळी बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. आपल्या आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्यार्क असतो, तो बारा टक्क्यांपर्यंत असू शकतो. म्हणजे परतलेल्या रुग्णास शक्ती यावी म्हणून दिलेले द्राक्षासव किंवा झोपेसाठी दिलेले अश्वगंधारिष्ट त्याच्यासाठी विष ठरू शकते. डायसल्फिरम चालू नसले, तरी त्या चवीने आणि वासाने जुनी ओढ जागी होते. अशा रुग्णास काढा, चूर्ण, वटी, घृत हे कल्प द्यावेत. आसव-अरिष्ट देण्यापूर्वी "कोणत्या गोळ्या चालू आहेत?" हा प्रश्न विचारल्यावाचून बाटली हातात देऊ नये.

२) अहिफेनयुक्त कल्प : कामिनीविद्रावण रसासारख्या कल्पांत अफू असते. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये अहिफेनाचा समावेश आहे आणि वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना वेष्टनावर आवश्यक आहे. प्रत्यक्षात या गोळ्या कशा विकल्या जातात, ते आपण सर्व जाणतो. ऑस्ट्रेलियात स्थायिक भारतीयांमध्ये या गोळ्यांचे व्यसन आढळले असून, तेथील आरोग्य यंत्रणांनी त्याविरुद्ध जाहीर इशारे दिले आहेत. विचार करा, एका बाजूने आपला माणूस व्यसन सोडण्यासाठी परदेशी जातो आणि दुसऱ्या बाजूने आयुर्वेदाचे नाव लावलेले व्यसन परदेशी जाते. तेथील न्यायालयात आणि रुग्णालयात त्या गोळीबरोबर आपल्या शास्त्राचे नाव घेतले जाते.

३) नकळत द्यावयाचे औषध : "रुग्णास न कळता जेवणात घाला, दारू आपोआप सुटेल," अशा जाहिराती भिंतींवर आणि एस.टी. स्थानकांवर वर्षानुवर्षे झळकत आहेत. त्यावर 'आयुर्वेदिक' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. पुडीत काय आहे, हे विकणाऱ्यासही ठाऊक नसते. त्यात डायसल्फिरमची भेसळ असेल आणि अजाण रुग्ण त्यावर नेहमीप्रमाणे प्यायला, तर परिणाम उघड आहे. रोग्याच्या संमतीवाचून सत्त्वावजय होत नाही. ही पुडी विकणारा आपल्यापैकी कोणी असू नये.

४) सहनशक्ती घटलेली असते : अफू, ब्राऊन शुगर किंवा तत्सम गोळ्यांचे व्यसन असलेला रुग्ण उपचारानंतर परततो, तेव्हा शरीराची सवय मोडलेली असते. पूर्वीचीच मात्रा त्याने पुन्हा घेतली, तर श्वास मंदावून मृत्यू येऊ शकतो. घसरण झाल्यास लपवू नका, ताबडतोब सांगा, हे रुग्णास व घरच्यांस आधीच बजावावे. घसरण हा या आजाराचा भाग आहे. ज्याला घसरल्यावर आपल्याकडे येण्याची लाज वाटते, तो वाचत नाही.

आणखी एक. काही तथाकथित केंद्रांत रुग्णांना बांधून ठेवणे, मारहाण करणे असे प्रकार घडल्याच्या वार्ता येत असतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये मद्य व मादक द्रव्यांच्या दुरुपयोगाशी निगडित अवस्थांचा समावेश मानसिक आजारात केला आहे आणि रुग्णास साखळदंडाने बांधण्यास मनाई आहे. दूरचे केंद्र सुचवण्यापूर्वी त्याची नोंदणी आहे काय, नातेवाइकांस भेटू देतात काय, हे पाहूनच नाव सांगावे.

संघटनेपुढे एक सूचना

आपल्या संघटनेने या विषयावर केवळ चर्चासत्र न घेता पुढील चार गोष्टी कराव्यात, असे मी नम्रपणे सुचवितो. पहिली, व्यसनी रुग्णास बाहेरगावी वा परदेशी पाठवताना द्यावयाच्या संदर्भपत्राचा एक पानी नमुना तयार करावा. त्यात व्यसनाचा प्रकार व मात्रा, शेवटच्या सेवनाची वेळ, यकृताची अवस्था, चालू औषधे, आणि परतल्यावर पाठपुरावा करणाऱ्या वैद्याचे नाव असावे. दुसरी, सभासद औषधालयांनी अहिफेनयुक्त कल्प वैद्याच्या चिठ्ठीवाचून न देण्याचा ठराव करावा आणि विक्रीची वही ठेवावी. तिसरी, प्रत्येक तालुका शाखेने वर्षातून दोनदा अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभासदांस निमंत्रित करून ऐकावे; या विषयात ते आपले शिक्षक आहेत. चौथी, केंद्र शासनाची १४४४६ ही व्यसनमुक्ती साहाय्यरेषा आणि १४४१६ ही 'टेलि-मानस' सेवा, हे दोन्ही क्रमांक प्रत्येक चिकित्सालयात व औषधालयात दर्शनी भागी लावावेत.

यांतील एकाही गोष्टीस मोठा खर्च नाही. आपला वैद्य मंत्र्यांच्या नातवासारखा रुग्ण हाताळत नाही. ऊसतोडीवरून परतलेला मजूर, हळदीच्या हंगामात हाती पैसा आलेला शेतकरी, निवृत्त शिक्षक, हे त्याचे रुग्ण. त्यांतील एखाद्याचा मुलगा त्यास परदेशी नेईल. इतरांना कोणी कोठेही नेणार नाही. दोघांसाठीही गावात परत येण्याची जागा एकच आहे आणि त्या जागी आपण बसलेलो आहोत. नेणाऱ्यास "जा, परंतु असे जा," असे सांगावे, आणि परतणाऱ्याची वाट पाहावी. त्याच्या येण्याचा दिवस आपल्या वहीत लिहिलेला असावा. तो आला नाही, तर निरोप धाडावा.

सुज्ञ वाचकांनी यावर आपले अनुभव व मतभेद संपादकांकडे अवश्य कळवावेत. इत्यलम्.